पथ्याचा डबा, डोंबिवली पूर्व: पाचपैकी चार

डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रं गल्लीगल्लीत आहेत, आणि पोळी मऊ होती की वातड यापलीकडे त्यांच्याबद्दल कोणी फार लिहीत नाही. मी लिहितेय, कारण पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरचं माझं सगळं जेवण अशाच एका केंद्रातून आलं. पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा-एक मिनिटांवर, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे. पाटीच्या आधी संध्याकाळची रांग दिसते. नाव देत नाही. केंद्र चालवणाऱ्या काकूंचीच ताकीद आहे, "गिऱ्हाईक वाढलं की पोळी जाड होते, लिहू नकोस कुठे." पूर्वेला राहणाऱ्यांना रांगेवरून कळेलच.

खडे होते, दुखणं वारंवार उठायला लागलं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पोटावर चार छोटी छिद्रं. माझ्या आईचं हेच ऑपरेशन पोट उघडून झालेलं, उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण शेवटपर्यंत होता. दुर्बिणीतून पित्ताशय काढायची सुरुवात आपल्याकडे १९९० साली झाली, तीही मुंबईतच, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उडवाडिया यांच्या हातून. त्यांचे उपकारच म्हणायचे. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. आईला तेव्हा हॉस्पिटलातच भरपूर दिवस ठेवलं होतं, त्यामुळे मऊ भात नि वरण तिथूनच यायचं. मला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. म्हणजे टाके ओले असतानाच माणूस स्वतःच्या ओट्यासमोर उभा. मी एकटी राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि भरलेला कुकरसुद्धा उचलायचा नाही अशी तंबी.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ही फक्त साठवायची पिशवी. ती काढली तरी पित्त व्हायचं थांबत नाही, ते थेट आतड्यात झिरपत राहतं. मात्र एकदम तळकट पोटात गेलं तर लागेल तेवढं पित्त साठ्यातून सोडायची सोय उरलेली नसते. मग पोट बिघडतं, जुलाब होतात. म्हणून सुरुवातीला तेल-तूप अगदी बेतानं, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, आणि हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचं. जन्माचं पथ्य नव्हे.

आता आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतं? शेजारच्या विंगमधून डिंकाचे लाडू आले. मावशीनं रत्नागिरीहून कुणाच्या तरी हाती साजूक तूप पाठवलं, "जखम लवकर भरते." खालच्या मजल्यावरून गोडाचा शिरा आला, वाटीच्या तळाशी तूप साचलेलं दिसत होतं. सगळ्यांचा जीव माझ्यावर, आणि त्यातलं काहीच मला चालणारं नाही. लाडू वॉचमनच्या मुलांनी संपवले. त्यांची तब्येत सुधारली असावी.

मग एका मोठ्या अ‍ॅपवरून 'डाएट मील' मागवून पाहिलं. आलं काय, तर पनीर, छोल्यांची उसळ आणि कच्चा कोबी. प्रथिनं भरपूर असतील, पण ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे आधीच खांदा ठणकत होता, त्यात कोबी-छोले! (हो, खांदा. पोटाच्या ऑपरेशननंतर उजवा खांदा दुखतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो कार्बन डायऑक्साइड पोटाच्या वरच्या पडद्याला त्रास देतो आणि कळ खांद्यात उमटते. घरातल्या घरात चाललं की कमी होतं.)

हे सगळं मी आमच्या लोकलच्या ग्रुपवर लिहिलं. आम्ही सकाळची एकच गाडी, लेडीज डब्याचा एकच कोपरा, किती वर्षं धरून बसलोय. नवरात्रात भोंडला तिथेच, संक्रांतीचं हळदीकुंकूही तिथेच. त्यातली एक हॉस्पिटलात नर्स आहे. खांद्याचं कारण तिनंच फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "अ‍ॅप पुसून टाक. पोळीभाजीवाल्या काकूंना विचारते." मला वाटलं, केंद्राच्या मोठ्या कढईत माझ्या एकटीची भाजी कोण वेगळी काढणार?

काकूंचा फोन आला. पहिला प्रश्न, "ताई, दुर्बिणीतून झालंय की पोट उघडून?" दुसरा, "रात्री किती वाजता जेवता?" तिसरा, "तिखट बंद आहे की फक्त तेल?" एवढी चौकशी हॉस्पिटलातून निघताना माझ्याशी कोणी केली नव्हती, तिथे नुसता छापील कागद हातात पडला होता. तो कागद काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतला आणि स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी चिकटवला.

त्यांच्याकडची पोळी घडीची असते, म्हणजे प्रत्येक घडीत तेलाचं बोट फिरलेलं. ती मला चालणार नव्हती. फुलके करायचे तर तवा वेगळा, आणि दुपारच्या गर्दीत ते जमत नाही. म्हणून घडीच्या पोळ्यांची रास सुरू व्हायच्या आधी, सकाळी साडेदहाला, माझे चार फुलके होत. दोन सकाळच्या डब्यात, दोन फडक्यात गुंडाळून संध्याकाळसाठी. संध्याकाळी ते थोडे कडक लागत, पण वरणात कुस्करले की तक्रार राहत नसे.

भाज्या म्हणजे दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा. फोडणी नाही. जिरं कोरडं भाजून, भरडून वरून घातलेलं, थोडं आलं, कोथिंबीर. मुगाचं वरण हिंग-हळदीचं. सोबत लोणी काढलेलं ताक. बेचव असेल असं धरूनच डबा उघडला होता. पण भाजलेल्या जिऱ्यात दोडका इतका गोड लागतो हे तेलाच्या तवंगाखाली कधी कळलं नव्हतं. दोडक्याला पाच तारे.

खरा गोंधळ दोडक्याचाच होता. एकीपुरता दोडका आणून, शिरा काढून, वेगळा शिजवणं केंद्राला परवडत नाही, असं काकूंनी स्पष्ट सांगितलं. मग आमच्यातली दादरहून चढणारी बाजारातून दोडका-पडवळ घ्यायला लागली. परतीच्या गाडीत ज्या दोघी-तिघी एरवी मटार सोलतात, त्या दोडक्याच्या शिरा काढायच्या. डोंबिवलीला उतरून ती पिशवी काकूंच्या काउंटरवर, आणि त्याच काउंटरवरून माझा रात्रीचा डबा घेऊन कोणीतरी तिसरा मजला चढायचं. कोण कधी येणार याची यादी ठाकुर्लीवालीनं केली होती. ती बँकेत आहे, याद्या तिच्या रक्तात आहेत. सकाळचा डबा शेजारचे आजोबा फिरून येताना आणत. मी खिडकीतून दोरीनं पिशवी सोडायची, ते त्यात डबा ठेवायचे. पण दोरी ओढायला मला बंदी होती, म्हणून समोरच्या घरातला कॉलेजचा मुलगा येऊन ओढायचा. डब्याला इतका लवाजमा!

पैशांबद्दल: एका वेळच्या डब्याचे नव्वद रुपये, साध्या डब्याचे असतात तेवढेच. भाजी आमची म्हणून काकूंनी वीस कमी करायचा प्रयत्न केला, ग्रुपनं तो हाणून पाडला.

आता एक तारा का कापला. डब्याची झाकणं ढिली आहेत. ताक दोनदा तरी पिशवीत सांडलं. सवयीनं लोणच्याची पुडी आत पडायचीच, सांगूनही. संकष्टीला उपासाच्या पदार्थांची अशी झुंबड असते की पथ्याचा डबा मागे राहतो. त्या दिवशी मी दुपारी दोनला जेवले, आणि थोडं थोडं वेळच्या वेळी खायला सांगितलेल्या माणसाला हे अवघड जातं. एकदा तर डब्यांची अदलाबदल झाली. माझ्याकडे लाल तर्रीचं मसाले वांगं आलं आणि कुणा धडधाकट गृहस्थांना बिनफोडणीचा दुधी गेला. मी वास घेऊनच झाकण लावलं. त्या गृहस्थांनी म्हणे काउंटरवर येऊन विचारलं, "काकू, बरं नाही का तुम्हाला?" त्यानंतर माझ्या झाकणाला पिवळं रबर लागलं आणि चूक परत झाली नाही. पण हे रबर पहिल्या दिवशीच लागायला हवं होतं. तेल वर्ज्य असलेली मीच एकटी नसणार, मधुमेहाचे, रक्तदाबाचेही डबे तिथून जातात.

पुढे डॉक्टरांनी थोडं तेल सुरू करायला सांगितलं, तेव्हा काकूंनी आधी चहाच्या चमच्यानं अर्धा चमचा फोडणी सुरू केली. दोन-तीन दिवस फोन करून पोट कसं आहे विचारलं, मगच पूर्ण चमचा. तोवर 'ताई, तुम्ही' जाऊन 'अगं' झालं होतं. आता मी पुन्हा लोकलमध्ये आहे, डबा साधा घेते, घडीच्या पोळीसकट. तळलेलं अजून बेतानंच.

कोणाला पथ्याचा डबा लावायचा असेल तर सकाळी आठच्या आत फोन करा, नऊनंतर काकू फोन उचलत नाहीत. डॉक्टरांचा कागद पाठवा, तोंडी सांगू नका. फुलके हवेत हे आधी बोला. आपला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा द्या. आणि लोणचं नको, हे रोज सांगा. रविवारी संध्याकाळी बंद.