गोल्डफिशच्या तळ्यासाठी शेततळ्याचा ५०० मायक्रॉन कागद: परीक्षण

पुण्यातल्या बंगल्याच्या परसात छोटं तळं करायचं तर सिमेंटच्या टाकीपेक्षा शेततळ्याचा कागद, म्हणजे तळ्यात अंथरायचं पॉलिथिनचं जाड अस्तर, केव्हाही बरा. नव्या सिमेंटमधून चुना सुटून पाण्याचा पीएच चढतो आणि मासे दगावतात. इथे तो धोका नाही. रोलवर आयएस १५३५१ हा भारतीय मानकाचा शिक्का बघूनच घ्या.

२ मीटर लांब, दीड मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल खड्ड्याला ३.८ बाय ३.३ मीटरचा अखंड तुकडा लागतो. जोड देऊ नका, कारण पॉलिथिनला गोंद धरत नाही, गरम हवेचं वेल्डिंगच लागतं. कागद ताठ असतो, त्यामुळे गोल खड्ड्यात घड्या पडून त्यांत घाण साचते. चौकोनी आकारच ठेवा. आणि आपल्याकडचा मुरूम! त्याची टोकं कागद भोसकतात, म्हणून खाली ५ सेंटिमीटर चाळलेली वाळू हवीच. कडा उन्हात उघड्या राहिल्या तर तडकतात. वर शहाबादी फरशी दाबा.

यात साधारण १८०० लिटर पाणी मावतं. ८ ते १० मासे, त्याहून एकही जास्त नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला १८ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं. पाण्याचा फिल्टर मुरायला, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढायला, ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर दोनच मासे सोडा. नाहीतर हा विषारी अमोनिया साचतो. एप्रिल-मेमध्ये ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट लावा, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. खंड्या पक्ष्याने मासे उचलू नयेत म्हणून वरून जाळीही हवी.