लॅमिंग्टन रोडवरचं ड्युअल बूट: बूट लोडरला पैकीच्या पैकी, पार्टिशनला निम्मे

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला वळलं की फॉरमॅट आणि डेटा रिकव्हरीच्या पाट्या सुरू होतात. त्यातल्याच एका गाळ्यात विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर शेजारी डेबियन १३ हे लिनक्स टाकून घेतलं, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही, ड्युअल बूट. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. दुकानाचं नाव देत नाही, कारण खालच्या चुका कुठल्याही काउंटरवर होतात आणि तपासायची रीत सगळीकडे एकच.

सुरुवात उत्तम केली. मशीन हातात घेताच कारागिराने बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती नसेल तर काम घेत नाही, असं स्पष्ट सांगितलं. हे बरोबरच आहे: फर्मवेअरमधलं (बायोसमधलं) सेटिंग बदललं की विंडोज ती की मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेला. मग बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड केलं आणि फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) लिहिणं धोक्याचं होतं.

एसएसडी डेबियनच्या इन्स्टॉलरला दिसत नव्हती. कारण बायोसमधला डिस्क हाताळायचा इंटेल आरएसटी मोड. सरळ एएचसीआय हा साधा मोड केला असता तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं असतं. इथे आधी विंडोज सेफ मोडमध्ये उघडायला लावलं, रीस्टार्ट होताना मोड बदलला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ दिलं, मग सेफ मोड काढला. ही पायरी माहीत असलेला माणूस भेटणं म्हणजे निम्मं काम झालं.

सी ड्राइव्हही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान केला, ते योग्य.

बूट लोडर, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टम निवडायचा मेनू देणारा प्रोग्रॅम, ग्रब. विंडोजची ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सची) फक्त १०० एमबीची होती, तरी ती फॉरमॅट न करता तीच वापरली. डेबियनमध्ये ग्रब असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) रूट, म्हणजे सिस्टमच्या पार्टिशनवरच राहतात, ईएफआयमध्ये शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रबच्या काही एमबीच्या फाइल्स जातात, म्हणून १०० एमबी पुरतात. सिस्टमडी-बूट हा दुसरा बूट लोडर घेतला असता तर कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणारी फाइल) तिथेच गेले असते आणि दोन-तीन अपडेटमध्ये जागा संपली असती. सिक्युअर बूट (फक्त सही केलेला बूट लोडर चालू देणारी सोय) चालूच ठेवलं. डेबियनचं शिम सही केलेलं आहे, सिक्युअर बूट बंद करायची गरजच नसते.

तक्रार आहे ती जागेच्या वाटणीबद्दल. एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. त्यात सी ड्राइव्हला सुमारे २८०, रूटला ३०, होमला (आपल्या फाइल्सना) १५० आणि स्वॅपला (रॅम भरली तर वापरायच्या जागेला) १६ अशी वाटणी केली. रूटचे ३० जीबी साध्या वापराला चालतील, पण डॉकर (कंटेनर चालवणारं) आणि फ्लॅटपॅक (अ‍ॅप टाकणारं) यांचा बहुतेक पसारा व्हार फोल्डरखाली, म्हणजे रूटवरच साठतो. पुढे जागा वाढवायची तर होम रूटला अगदी चिकटून सुरू होतं, त्याची सुरुवातच सरकवावी लागते. १५० जीबी डेटा हलवणं, आणि मध्येच चार्जर निघाला तर सगळं पाण्यात. रूटला ६० जीबी मागून घ्या.

स्वॅपचे १६ जीबी हायबरनेटसाठी (रॅममधलं डिस्कवर लिहून मशीन बंद करण्यासाठी) दिले म्हणाले. सिक्युअर बूट चालू असताना डेबियनचा कर्नल हायबरनेट करूच देत नाही. चार जीबी स्वॅप पुरलं असतं, उरलेले १२ रूटला गेले असते.

दुसरी कसर घड्याळाची. लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. लिनक्समध्ये सकाळचे १० वाजलेले, विंडोज उघडलं की पहाटेचे साडेचार. बरोबर साडेपाच तासांचा फरक. विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोन इन्फर्मेशनखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल (RealTimeIsUniversal) नावाचा डीवर्ड, म्हणजे आकड्याची नोंद, करून किंमत १ ठेवली की मिटतं. पाच मिनिटांचं काम, करून मिळालं नाही.

मशीन ताब्यात घेताना काउंटरवरच टर्मिनल उघडा. एलएसबीएलकेला एफ जोडून (lsblk -f) चालवा, पार्टिशनचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) दिसतात, त्याचा फोटो काढा. मग ईएफआयबूटएमजीआर (efibootmgr) चालवा, बूटऑर्डरमध्ये पहिला नंबर डेबियनचा हवा. विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर हा क्रम बदलू शकतो आणि ग्रबचा मेनू गायब झाल्यासारखं वाटतं. तेव्हा पुन्हा पैसे देऊन इन्स्टॉल करू नका, बायोसमध्ये क्रम बदलला की मेनू परत येतो.

ग्रब खरंच बिघडलं तर लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट चालतं तो) यूईएफआय मोडमध्येच सुरू करायचा, रूट आणि त्याखाली बूट-ईएफआय माउंट करायचं, डेव्ह, प्रोक, सिस आणि ईएफआयव्हार्स जोडून क्रूट करायचं (डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरायचं), मग ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. ईएफआयव्हार्स विसरलात तर ईएफआय व्हेरिएबल्स सपोर्टेड नाहीत असा मेसेज येतो आणि बूट एंट्री लिहिलीच जात नाही. हा पेनड्राइव्ह दुकानाने दिला नाही. मागितला तर तिथेच बनवून देतात, आठ जीबीचा पुरतो.