मागचा ब्लोअर बंद: कार्बन बदलायचे की अख्खी मोटरच?

जुन्या इनोव्हासारख्या गाडीत पुढचा एसी झकास चालतो आणि मागची मंडळी घामाघूम! अशा वेळी मेकॅनिक बहुधा थेट मोटरवर येतो. पण आधी फ्यूज बघा, रिले बघा. ब्लोअर म्हणजे हवा फेकणारा पंखा; तो फक्त फुल स्पीडवर चालत असेल तर मोटर धडधाकट आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत कमी वेगांचा करंट रेझिस्टरमधून (करंट कमी करणाऱ्या भागातून) जातो, फुल स्पीडचा थेट. म्हणजे गेलाय तो रेझिस्टर.

कुठल्याच स्पीडला हालचाल नसेल तर मोटरच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावा. दिवा लख्ख पेटला, तरी पंखा गप्प? मोटरच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक करा. फिरू लागला तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे, झिजलेत.

इथे दोन वाटा. जुन्या बाजारातला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन बदलून, कम्युटेटर (कार्बन जिथे घासतात ती तांब्याची कडी) पॉलिश पेपरने साफ करून देतो. सामानाचा खर्च किरकोळ, पण बुश (शाफ्टला, म्हणजे मोटरच्या मधल्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) ढिले असतील तर घरघर कायम राहते. नवी मोटर महाग, पण ती आवाजही घालवते. मात्र मोटर काढायला आतलं प्लॅस्टिक ट्रिम उघडावं लागतं, जुन्या क्लिपा पटापट तुटतात आणि मजुरी दोन्हीकडे सारखीच पडते. म्हणून शाफ्ट हाताने हलवून पाहा: खेळत नसेल तर कार्बन, डुगडुगत असेल तर सरळ नवी मोटर.

जास्त अँपिअरचा फ्यूज घालून काम भागवणाऱ्याकडे मात्र गाडी देऊच नका, वायरिंग जळतं.