नाव-पत्ता छापलेली रॅफल तिकिटे: मंडळाच्या मदतनिधीसाठी वापरून पाहिल्यावर

इंग्लंडमधील आमच्या मराठी मंडळाने गेल्या दिवाळीत गावातल्या हॉस्पिसच्या (मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेच्या) मदतीसाठी रॅफल, म्हणजे तिकिटे विकून बक्षिसांची सोडत, ठेवली होती. खजिनदार या नात्याने तिकिटे छापून घेण्याचे काम माझ्याकडे होते. एका ऑनलाइन छापखान्याकडून मागवलेल्या त्या तिकीट-पुस्तकांविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तिकिटावर काय छापले आहे याला कायद्याच्या दृष्टीने किती महत्त्व आहे, हे आमच्यापैकी अनेकांना ठाऊकच नव्हते.

आधीची काही वर्षे आम्ही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, नुसते आकडे असलेली गुलाबी-पिवळी तिकिटे वापरत होतो. ती वाईट नाहीत. कार्यक्रमाच्या जागीच, कार्यक्रम चालू असताना विक्री करायची असेल तर तेवढी पुरतात. अशा सोडतीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही, मात्र जमलेल्या पैशांतून बक्षिसांवर ५०० पौंडांपेक्षा आणि इतर खर्चावर १०० पौंडांपेक्षा अधिक रक्कम घालता येत नाही. या वेळी आम्हाला महिनाभर आधीपासून शेजारीपाजारी आणि ऑफिसात तिकिटे विकायची होती. २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टनुसार (जुगार व सोडतींविषयीचा कायदा) अशा रॅफलसाठी संस्थेला स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते (पहिल्यांदा ४० पौंड, पुढे दरवर्षी २०), आणि प्रत्येक तिकिटावर संस्थेचे नाव, तिकिटाची किंमत, जबाबदार सभासदाचे नाव व पत्ता आणि सोडतीची तारीख द्यावी लागते.

छापखान्याच्या अर्जात या चारही गोष्टींसाठी स्वतंत्र रकाने होते आणि एकही रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हते, ही गोष्ट मला फार आवडली. पुस्तकांचे कामही नीटनेटके होते. छिद्रांची रेघ सरळ असल्यामुळे तिकीट एका झटक्यात निघत होते, आणि स्थळप्रतीवर (पुस्तकात आपल्याकडे राहणाऱ्या भागावर) विकत घेणाऱ्याचे नाव व फोन नंबर लिहायला पुरेशी जागा होती. थंडीने बोटे आखडलेली असताना दारात उभे राहून लिहिणाऱ्याला त्या जागेची किंमत कळते.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. तयार नमुन्यात पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘५ पौंडांत ६ तिकिटे’ अशी ओळ आधीपासून घातलेली होती. नोंदणीकृत संस्थेच्या रॅफलमध्ये प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच असली पाहिजे. पाचावर एक फुकट अशी सवलत देता येत नाही. नमुना तपासताना आमच्या सचिव ताईंच्या नजरेत ती ओळ आली म्हणून निभावले, नाहीतर सगळी पुस्तके रद्दीत गेली असती. फोन केल्यावर त्यांनी ती लगेच काढली आणि जादा पैसे घेतले नाहीत, तरी मदतनिधीसाठी तिकिटे छापणाऱ्यांनी असा नमुना ठेवूच नये. सोळा वर्षांखालील मुलांना तिकीट विकायचे नाही, ही सूचना आम्हाला सांगून छापून घ्यावी लागली. तीही नमुन्यात असायला हवी होती.

पुस्तकांचा खरा उपयोग सोडतीनंतर झाला. जमा रकमेपैकी किमान २० टक्के संस्थेच्या उद्दिष्टासाठी द्यावेच लागतात, आणि एकूण विक्री, बक्षिसे व खर्च यांचा हिशेब दोन सभासदांच्या सहीने तीन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे पाठवावा लागतो. स्थळप्रती अनुक्रमाने लावून आम्ही एका संध्याकाळी तो पूर्ण केला. न विकलेली तिकिटेही क्रमांकासह जुळली. बक्षिसे दुकानदारांनी आणि सभासदांनी दिलेली असल्यामुळे छपाई आणि नोंदणी वगळता सारी रक्कम हॉस्पिसकडे गेली.

पाचपैकी चार तारे. मागवणाऱ्यांनी नमुना दोघांकडून वाचून घ्यावा, आणि मुखपृष्ठ आधी वाचावे.