पालक-शिक्षक संघासाठी व्हॉट्सॲप कम्युनिटी: निरोप पोचतो, पण माणसं येतात का?

पालक-शिक्षक संघ कुठल्याही शाळेचा असो, रडगाणं एकच असतं. तेच पाच-सहा पालक प्रत्येक कामाला उभे राहतात आणि बाकीचे निरोप वाचून गप्प बसतात. यावर उपाय म्हणून बरेच संघ आता व्हॉट्सॲपची कम्युनिटी, म्हणजे अनेक गट एका छत्राखाली आणणारी सोय, वापरतात. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, फुकट आहे आणि बहुतेक पालकांना वेगळं काही शिकावं लागत नाही. आमच्या हिशेबाने पाचपैकी साडेतीन गुण. निरोप पोचवण्यात ती उत्तम आहे. माणसं कामाला लावण्यात तिचा उपयोग होतो, पण ती कशी मांडली आणि तिच्यात काय लिहिलं, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी मांडणी. साध्या गटात १०२४ जण मावतात, म्हणून अनेक शाळा सगळ्या पालकांचा एकच गट करतात आणि तिथेच घोळ होतो. सुट्टीचा निरोप "धन्यवाद" आणि जोडलेल्या हातांच्या रांगेखाली गाडला जातो, कंटाळून लोक गट म्यूट करतात, आणि पुढे खऱ्या कामासाठी हाक मारली तरी ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कम्युनिटी केली की घोषणांचा गट आपोआप तयार होतो आणि तिथे निरोप फक्त ॲडमिन टाकू शकतात. वर्गांचे गट त्याच्या जोडीला उघडायचे. घोषणा आठवड्याला दोन, तीही ठरलेल्या वारी. एवढं पाळलं तरी म्यूट करणारे कमी होतात.

ॲडमिन तीन ठेवा: एक शिक्षक आणि दोन पालक. एकट्यावर भिस्त ठेवली की तो आजारी पडला किंवा त्याने शाळा सोडली की सगळं अडतं. वर्गाच्या गटात नवीन सभासदाला ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग चालू करा, कारण आमंत्रणाची लिंक फिरत फिरत कुठेही जाते आणि ती हातात असलेला कोणीही आत येऊ शकतो.

नंबरांची बाब नीट समजून घ्यायला हवी. घोषणांच्या गटात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. वर्गाच्या गटात मात्र सगळ्यांचे नंबर सगळ्यांसमोर असतात. हे पालकांना सामील करण्याआधी सांगा. ज्यांना नंबर उघड करायचा नाही त्यांनी फक्त घोषणांपुरतं राहावं, आणि त्याचं कारण त्यांना कोणी विचारू नये.

आता सहभागाचं. बैठकीची वेळ ठरवायला मतदानाची सोय झकास आहे. १२ पर्याय देता येतात, पण तीन-चार पुरे. एकाहून अधिक उत्तरं देण्याची मुभा चालू ठेवा, म्हणजे कोणाला कोणकोणत्या वेळा जमतील ते कळतं. नेहमी संध्याकाळचीच वेळ निवडून आली, तरी दर तिसरी बैठक सकाळी घ्या. पाळीत काम करणारे पालक मतदानात अल्पसंख्य असतात आणि त्यामुळे कायमचे बाहेर राहतात. वर्गाच्या गटात कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. शिकवण्याबद्दलचं मत किंवा पैशांची अडचण असं काही विचारायचं असेल, तर गूगल फॉर्म वापरा आणि त्यात ईमेल गोळा करणं बंद ठेवा.

कामवाटपाला मात्र मतदान कुचकामी आहे. एखाद्या पर्यायाला जास्तीत जास्त किती मतं, अशी मर्यादा घालता येत नाही. पुस्तकं लावायला चारजण हवे असताना पंधरा नावं येतात आणि दाराशी उभं राहायला एकही नाही. इथे गूगल शीट बरी: काम, वेळ, किती जण हवेत आणि नावांसाठी तितकेच रिकामे चौकोन. कोणाच्या हातून चुकून काही पुसलं गेलं, तर व्हर्जन हिस्ट्रीतून आधीची प्रत परत आणता येते. शीटची लिंक पिन करा, म्हणजे ती गटात सगळ्यात वर दिसत राहते. गटात तीनच निरोप पिन करता येतात आणि पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, त्यामुळे महिन्याच्या महिन्याला पुन्हा लावा.

सगळ्यात जास्त फरक मजकुराने पडतो. "क्रीडादिनासाठी सर्व पालकांनी सहकार्य करावे ही विनंती" हा निरोप दोनशे जण वाचतात आणि हलत कोणीच नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ च्या प्रयोगात हेच दाखवलं होतं, प्रसंग आणीबाणीचा असला तरी: पाहणारे जितके जास्त, तितकी एकेकाची पुढे होण्याची शक्यता कमी. त्यापेक्षा असं लिहा: "शनिवारी सकाळी ९ ते १०, धावण्याच्या शर्यतीत वेळ नोंदवायला तीन पालक हवेत. घड्याळ शाळा देईल, पूर्वअनुभव नको. दोघं ठरले, एक जागा उरली आहे." काम काय, किती वेळ, काय यायला हवं आणि किती जागा बाकी, हे सगळं यात आहे. तरीही जागा उरली, तर ॲडमिनने एखाद्या पालकाला नावानिशी फोन करावा. "तुम्ही याल का?" असं थेट विचारलं की ज्यांचा होकार येतो, त्यांतले कित्येक गटात एक अक्षरही लिहीत नाहीत.

या फोनऐवजी ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय, वापरण्याचा मोह आवरा. ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो निरोप मिळतो. नवीन पालकांनी तो साठवलेला नसतो, आणि गरज नेमकी त्यांचीच असते.

शाळेत येणं म्हणजेच सहभाग, हा समजही सोडायला हवा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले आहेत. घरचा अभ्यास, शाळेशी संवाद आणि निर्णयांत वाटा हेही त्यांत येतात. शीटमध्ये निदान दोन कामं घरबसल्या होणारी असू द्या: सूचनापत्राचं भाषांतर, जुन्या पुस्तकांची यादी टंकणं.

आता कापलेल्या दीड गुणांविषयी. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते पालक इथे नसतातच, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या घोषणेची चिठ्ठी मुलांच्या वहीतूनही जायलाच हवी. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी तोच निरोप अर्ध्या मिनिटाच्या आवाजी संदेशातही द्या. मुलांचे फोटो ही मोठी जोखीम आहे. गटात टाकलेला फोटो कोणीही साठवू शकतो आणि पुढे पाठवू शकतो, आपोआप गायब होणारे संदेश चालू असले तरीही. ज्या मुलांच्या पालकांची लेखी संमती नाही, त्यांचा चेहरा दिसणारा फोटो टाकूच नका. आणि एखाद्या मुलाबद्दलची तक्रार गटात आली, तर ॲडमिनने तो संदेश सगळ्यांसाठी काढून टाकावा आणि लिहिणाऱ्याला लगेच फोन करून शिक्षकांची वेळ मिळवून द्यावी. नुसता संदेश काढून बोलणं टाळलं, तर तो पालक पुन्हा बैठकीला येत नाही.

वर्ष संपलं की क्रीडादिनासारखे कामापुरते गट बंद करा, वर्गांच्या गटांची नावं बदला, शाळा सोडलेल्यांना काढा. नवीन ॲडमिनला जुन्या ॲडमिनबरोबर एक महिना राहू द्या, आणि मागच्या वर्षीची शीट त्याच्या हाती द्या. कुठली कामं रिकामी राहिली ते त्यात दिसतं, आणि पहिले फोन त्याच कामांसाठी करायचे असतात.