साडेसहा टक्के

अकरावीच्या वर्गाला मी दरवर्षी घसारा, म्हणजे वापरातल्या वस्तूची वर्षागणिक घटणारी किंमत, शिकवतो. घसारा मूळ किमतीवर काढायचा की दरवर्षी उरलेल्या शिलकीवर, आणि या दोन पद्धतींत शेवटी किती फरक पडतो, ते फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवतो. वीस वर्षं दाखवतोय. आणि २०२४च्या नवरात्रात एका शोरूममध्ये एसीत बसून, शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावलेल्या कर्जाच्या कागदांवर तेवीस सह्या करून आलो. लिहायला लाज वाटते. पण आमच्या स्टाफरूममधले आणखी दोघं इलेक्ट्रिक गाडी बघतायत, आणि प्रत्येकाला चहावर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

गाडी का घेतली ते थोडक्यात. सातारा ते कराड रोज जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी महिन्याला सोळा हजार खायची. विजेवरची गाडी घ्यायची हे हिशेबाने ठरवलं होतं, आणि तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. गाडी उत्तम आहे. लुबाडणूक गाडीत नव्हती, गाडीबरोबर आलेल्या कागदांत होती.

घटस्थापना ३ ऑक्टोबरला झाली, त्यानंतरच्या रविवारी मी, बायको आणि वडील शोरूमला गेलो. सेल्सचा पोरगा पंचविशीचा, वाक्यागणिक ‘सर’. वडिलांच्या पाया पडला. मग कोटेशन काढलं. एक्स-शोरूम १४,४९,०००. खाली ओळी: विमा ७८,४००. आरटीओ व इतर १८,५००. हँडलिंग ९,५००. अ‍ॅक्सेसरीज २२,११०. ‘लक्झरी टॅक्स’ १४,४९०. एकूण १५,९२,०००.

माझे डोळे विस्फारलेले बघून तो म्हणाला, “सर, तुम्ही वरचा आकडा बघूच नका. यातले तीन लाख तुम्हाला परत येणारेत.”

तीन लाख कसे? तर दीड लाख राज्य सरकारची सबसिडी, तीन-चार महिन्यांत थेट खात्यात. आणि दीड लाख इन्कम टॅक्समध्ये सूट, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर. मोबाइलवर त्याने दोन्हींची चित्रं दाखवली. एका चित्रावर अशोकस्तंभसुद्धा होता. सबसिडीच्या फाइलसाठी ‘आरटीओतल्या माणसाला’ सहा हजार रोख द्यावे लागतील म्हणाला, पावती मिळत नाही. दिले. दीड लाखासाठी सहा हजार म्हणजे काय, असा विचार केला. पावती नाही म्हटल्यावर खरं तर तिथंच उठायला हवं होतं.

ही दोन्ही चित्रं खोटी नव्हती, शिळी होती. राज्याचं ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक वाहन, धोरण जुलै २०२१मध्ये आलं, त्यात मोटारींना दीड लाखापर्यंत प्रोत्साहन होतं, पण पहिल्या १० हजार गाड्यांपुरतं. आणि व्याजावरची सूट, म्हणजे तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम ८०ईईबी, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जालाच आहे. माझं कर्ज ऑक्टोबर २०२४चं. शिवाय मी नव्या करप्रणालीत होतो, तिथे ती सूट तशीही चालत नाही. केंद्राच्या फेम-२ या ईव्ही अनुदान योजनेचं नावही त्याने घेतलं होतं. ती मार्च २०२४ अखेर संपली आणि घरगुती वापराच्या मोटारींना त्यात कधी काही मिळणारच नव्हतं. १ ऑक्टोबरला तिच्या जागी पीएम ई-ड्राइव्ह आली, तीत दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका होत्या. मोटारी नव्हत्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी मनातल्या मनात सोळा वजा तीन करून तेरा लाखांची गाडी घेत होतो.

आता कर्ज. माझा पगार ज्या बँकेत होतो तिथे ९ टक्क्यांनी मिळत होतं, फॉर्म १६ आणि तीन महिन्यांच्या पगारपत्रकावर. पोरगा हसला. “सर, बँकेचं प्रकरण दसऱ्यापर्यंत होत नाही. आणि नऊ कशाला? आपल्याकडे साडेसहा आहे.” आमच्या मागे लगेच एका फायनान्स कंपनीचा माणूस खुर्ची ओढून बसला. तो त्याच शोरूममध्ये बसतो, त्याचं टेबल तिथेच आहे. नऊ आणि साडेसहा. मी बँकेला फोनसुद्धा केला नाही. बायको एवढंच म्हणाली, “एवढं स्वस्त कसं देतात हो?” मी तिला सांगितलं की ईव्हीला सरकारचं प्रोत्साहन असतं. म्हणजे त्या पोराचं काम मीच केलं.

साडेचार लाख आम्ही भरले. सह्या झाल्या ११ तारखेला संध्याकाळी सातला, दुसऱ्या दिवशी दसरा. पानं तो उलटत होता, मी बाण दाखवला तिथं सही करत होतो. मागे आणखी दोन कुटुंबं ताटकळत उभी. दुसऱ्या दिवशी हार, नारळ, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली, फोटो. हप्ता २६,५००, साठ महिने.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, ताईकडे गेलो. दाजी जिल्हा बँकेतून रिटायर झालेत. गाडीभोवती एक फेरी मारली, डिकी उघडून बघितली, आणि ओवाळणी व्हायच्या आतच विचारलं, “हप्ता किती?”

सांगितलं.

“साठ महिने? मग दिवाळी अंक बाजूला ठेव आणि कॅल्क्युलेटर काढ.” २६,५०० गुणिले ६० म्हणजे १५,९०,०००. त्यातून कर्जाचे बारा लाख वजा, राहिले ३,९०,०००. भागिले पाच, वर्षाला ७८,०००. बारा लाखांवर ७८ हजार.

“बरोबर आहे की दाजी,” मी म्हटलं. “साडेसहाच टक्के येतायत.”

“पाचव्या वर्षीसुद्धा बारा लाखांवर व्याज देणार का तू? तेव्हा तुझ्याकडं राहिलेत किती त्यांचे? तीन लाखसुद्धा नाहीत. फ्लॅट रेट आहे हा. तू काय शिकवतोस रे पोरांना?”

ताईने हसत निरांजन लावलं, पण मला काही हसू आलं नाही. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच हप्ता ११.७ टक्क्यांच्या आसपास जातो. माझ्या बँकेच्या ९ टक्क्यांनी बारा लाखांचा हप्ता २४,९१० बसला असता. महिन्याला दीड हजारांवर फरक, पाच वर्षांत ९५ हजार.

मग दाजींनी दुसरा प्रश्न विचारला. तो जास्त लागला. “पंधरा ब्याण्णवची गाडी, साडेचार भरलेस. मग कर्ज अकरा बेचाळीस पाहिजे. बारा कुठून आलं?”

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. हप्त्याचा आकडा ऐकून मी खूश होतो, कर्जाची रक्कम कधी जुळवूनच पाहिली नव्हती. घरी येऊन रात्री ईमेलमधली फाइल उघडली. चौतीस पानं. वरचे ५८,००० तिथे सापडले: ४६,२०० ‘लोन सुरक्षा’ विम्याचा एकरकमी हप्ता, आणि ११,८०० प्रक्रिया शुल्क जीएसटीसह. विम्याचा विषय कोणी काढलाही नव्हता. त्याचा हप्ता कर्जात घातलेला, म्हणजे त्यावरही व्याज.

आणि अकराव्या पानावर एक तक्ता होता, वर इंग्रजीत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, खाली माझी सही. त्यात एका ओळीत वार्षिक टक्केवारी दर, एपीआर म्हणतात तो: १३.८८.

दाजींनी दुसऱ्या दिवशी फोनवर समजावलं. एपीआरमध्ये नुसतं व्याज नसतं, प्रक्रिया शुल्क आणि गळ्यात मारलेला विमासुद्धा धरावा लागतो. माझ्या हातात गाडीसाठी आले ११,४२,०००, मी फेडणार बारा लाखांच्या हिशेबाने, म्हणून १३.८८. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना हा तक्ता सक्तीचा केला आहे. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो, आणि सही करण्याआधी विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. मला दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी चौतीस पानांत गुंडाळून मिळाला. साडेसहा हा आकडा त्या अख्ख्या फाइलमध्ये कुठेही छापलेला नव्हता. तो फक्त पोराच्या तोंडात होता. म्हणजे कागदावर कोणी खोटं बोललेलंच नव्हतं!

पुढचे दोन महिने कागदपत्रांतच गेले. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

विम्याची पॉलिसी ईमेलवर १८ ऑक्टोबरला आली होती. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात. भाऊबीज मध्ये आली म्हणून वाचलो, आणखी पंधरा दिवस गेले असते तर ते पैसेही बुडाले असते. विमा कंपनीला ईमेल केलं, फायनान्स कंपनीला प्रत पाठवली. आधी फोन आला, “सर, काढू नका, उद्या काही झालं तर घरच्यांवर कर्ज येईल.” माझ्याकडे टर्म पॉलिसी आहे म्हटल्यावर गप्प बसले. किरकोळ कपात होऊन पैसे परत आले, माझ्या खात्यात नव्हे, कर्जाच्या खात्यात. हप्ता तसाच राहिला, शेवटचे तीनेक हप्ते कमी झाले.

‘लक्झरी टॅक्स’ हा वेगळा टॅक्सच नव्हता. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आगाऊ आयकर, गोळा करतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. नाव बदलून सांगितल्यामुळे मी तो सोडूनच दिला असता. २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून पाहिला तर नोंद होती. हे चौदा हजार पूर्ण मिळाले.

आरटीओचे १८,५०० मात्र चीड आणणारे. आपल्या राज्यात इलेक्ट्रिक मोटारीला वाहन कर माफ होता, आणि नोंदणी प्रमाणपत्राचं शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१मध्येच काढून टाकलंय. परिवहनच्या साइटवरून पावती उतरवून घेतली. कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० आणि स्मार्ट कार्डासारखं किरकोळ धरून दोन हजारांच्या आत. नंबरप्लेटही कंपनीनेच गाडीबरोबर द्यायची असते. ती पावती आणि ‘हँडलिंग कसलं?’ असा एक ओळीचा प्रश्न मी रजिस्टर पोस्टाने शोरूमच्या मालकाला पाठवला, ग्राहक आयोगाचा उल्लेख करून. दहा दिवसांत हँडलिंगचे ९,५०० परत. आरटीओच्या ओळीतले ‘व इतर’ हे दोन शब्द पुढे करून त्यांनी त्यातले फक्त दहा हजार दिले. भांडायचं त्राण नव्हतं.

गाडीच्या विम्यात मी हरलोच. बाहेर त्याच कंपनीचं, तेवढ्याच कव्हरचं कोटेशन ५४ हजारांचं निघालं. ‘बाहेरून घेतलात तर बॅटरीची वॉरंटी जाते’ असं पोराने सांगितलं होतं, ते साफ खोटं. विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. पण पॉलिसी माझ्या सहीने निघालेली.

सहा हजार रोख गेले ते गेलेच. पोराने नोकरी सोडली होती, त्याचा नंबर दुसऱ्याच कोणाकडे होता.

राहिला व्याजदर. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. उत्तर आलं, आपण सर्व अटी वाचून सही केली आहे. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली, मुद्दा एकच: तक्ता त्याच संध्याकाळी दिला, तो इंग्रजीत, तीन दिवस दिले नाहीत. शोरूमच्या पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला ‘उद्या ६.३० ला सही साठी या सर’ हा निरोप जोडला. निर्णय यायच्या आधीच कंपनीने ११,८०० परत केले आणि प्रकरण मिटवू या म्हणाली. मी मिटवलं. दर तोच आहे. बंद करून बँकेत न्यायचं तर पहिलं वर्ष परवानगी नाही, पुढे दंड. दर स्थिर असल्यामुळे तो लागू होतो.

जाता जाता विजेचं. ‘किलोमीटरला एक रुपया’ हेही अर्धसत्यच. घरच्या मीटरवर गाडी लावली की महिन्याला साडेतीनशेच्या वर युनिट वाढतात, आणि तेव्हा महावितरणच्या ३०० युनिटच्या वरच्या टप्प्यात युनिटचा दर पंधरा रुपयांच्या घरात जात होता. दोन महिने बिल बघून घाम फुटला. चार्जिंगसाठी वेगळा मीटर मिळतो, त्याचा अर्ज गाडीच्या बुकिंगबरोबरच करा.

यंदा घसारा संपल्यावर मी वर्गाला एक जादा उदाहरण घातलं. नाव न सांगता, आकडे माझेच. हातात ११,४२,०००, हप्ता २६,५००, मुदत ६०, सांगितलेला दर साडेसहा. पोरांनी मोबाइलवर खटपट करून अर्ध्या तासात १३.८८ काढला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, पण त्या माणसाने सही करायच्या आधी हे करून नाही का बघितलं?”

“दसरा होता,” मी म्हटलं, आणि फळा पुसला.