पहिली बोट: सेंटॉर घ्यावी की कॉन्टेसा २६?

इंग्लंडात पहिली सेकंडहँड शिडाची बोट घ्यायची म्हटलं की ही दोन नावं हमखास समोर येतात. दोन्ही साधारण २६ फुटी, पण स्वभाव पार वेगळा.

वेस्टर्ली सेंटॉर १९६९ ते १९८० मध्ये बनली, दोन हजारांच्या वर, त्यामुळे बाजारात ढिगाने मिळते. खाली एकाऐवजी दोन कील (तळाला बसवलेले जड पंख), ३ फूट पाण्यात चालते, ओहोटी लागली की चिखलात सरळ उभी राहते, म्हणजे महागड्या मरीनाऐवजी (बोटी लावायच्या बंदरातल्या जागेऐवजी) खाडीतली स्वस्त जागा चालते आणि खरे पैसे तिथेच वाचतात बरं का. आत ताठ उभं राहता येतं, पोरंबाळं मावतात. फक्त वाऱ्यावर चढायला, म्हणजे वारा येतो त्या दिशेने जायला, जरा आळशी. आणि घेताना कील तळाला जोडलेत तिथे आतून बॅटरी मारून बघाच, केसासारख्या चिरा, गंजाचे ओघळ, बोल्टभोवती ओल असलं काही दिसलं तर सर्व्हेअर (बोट तपासणारा जाणकार) आणल्याशिवाय टोकन देऊ नका, जुन्या सेंटॉरचं हेच दुखणं.

कॉन्टेसा दिसायला मात्र कसली भारी! फोकबोट या जुन्या स्कँडिनेव्हियन शिडाच्या बोटीवरून बेतलेली, एकच लांब कील, खवळलेल्या समुद्रात दमदार. तानिया एबी या अमेरिकन तरुणीने १९८५ ते ८७ मध्ये हिच्यातूनच, जवळपास सगळी एकटीने, जगाला फेरी मारली. पण आत वाकूनच वावरायचं, रिव्हर्सला कुठे वळेल देव जाणे, आणि ओहोटीत आडवी होते.

एकट्याने लांब जायचं असेल तर कॉन्टेसा. घरच्यांना घेऊन वीकेंडला फिरायचं तर माझं मत सेंटॉरलाच, आणि जागेचे वाचलेले पैसे नव्या शिडांना घाला.